सतरावं स्थानक

केतकी आरोलकर रोज सकाळी नऊ वाजता नवऱ्याला हाक मारायची आणि अडीच सेकंदांत तो ओ द्यायचा. पाच वर्षांत एकदाही चुकला नव्हता. जिवंत असताना मात्र तीन हाकांशिवाय कौस्तुभने कधी ओ दिल्याचं कुणाला आठवत नाही, आणि तिसऱ्या हाकेनंतरही 'आलो, आलो' म्हणत तो मोबाइलमध्येच डोकं घालून बसायचा.

हाक म्हणजे आवाजाचा एक ठोका. वेंगुर्ल्याच्या सागरतळ केंद्रात बसून केतकी एक कळ दाबायची. संदेश उपग्रहावरून भर अरबी समुद्रात तरंगणाऱ्या बोयाकडे जायचा आणि तिथून साडेतीन किलोमीटर खाली, समुद्रतळावरच्या पर्वतरांगेत. या रांगेच्या माथ्यावर मधोमध एक लांबलचक दरी आहे. दरीच्या पूर्व कड्यावर केंद्राचं चार नंबरचं स्थानक होतं. ते समोरच्या पश्चिम कड्याकडे ठोका सोडायचं आणि तिथे शिळेखाली अडकलेल्या एका लहानशा पाणबुडीतलं यंत्र त्याला उत्तर द्यायचं. ठोक्याला जायला-यायला लागलेला वेळ आणि पाण्यातला आवाजाचा वेग, एवढ्यावरून मधलं अंतर मिलिमीटरपर्यंत कळायचं. एक हजार नऊशे बारा मीटर आणि वर काही सेंटिमीटर. त्या पाणबुडीत कौस्तुभ होता.

पाच वर्षांपूर्वी तो तिथे उपकरणं बसवायला एकटाच उतरला होता. कड्याची एक शिळा सुटली आणि पाणबुडीवर येऊन बसली. आत चौदा तासांची हवा होती. वरच्या जहाजावरून सोडलेला यंत्रमानव तिथपर्यंत पोचला, शिळेला ढकलून थकला आणि परत आला. केतकी त्या वेळी याच केंद्रात, याच खुर्चीत बसलेली होती. चौदा तास संपल्यावर तिने संगणक बंद केला, डबा पिशवीत घातला आणि चालत घरी गेली. ती आता रडेल, मग रडेल म्हणून लोकांनी वाट पाहिली आणि शेवटी नाद सोडला. दाताच्या डॉक्टरने बधिर करायचं इंजेक्शन द्यावं आणि मग दात काढायलाच विसरून जावं, तसं तिचं झालं होतं. दुखत नव्हतं. तशी कसलीच चवही लागत नव्हती.

पहिल्याच वर्षी केंद्राचे प्रमुख हिरेमठ सर फार चाचरत म्हणाले होते, "केतकी, आपली सोळा स्थानकं आहेत, पण पश्चिम कड्याच्या त्या टोकाला एकही नाही. कौस्तुभच्या पाणबुडीतलं यंत्र अजून चालू आहे. तुमची हरकत नसेल तर त्याला आपण सतरावं स्थानक धरलं तर?"

"तो स्थानक नाही," केतकी म्हणाली होती.

सर ओशाळले आणि पुन्हा कधी त्यांनी तो विषय काढला नाही. त्या यंत्राला हाक मारायचा अधिकार न बोलता तिच्याकडे राहिला. आकडे ती एका वेगळ्या वहीत लिहायची. केंद्राच्या गणितात ते कधीच गेले नाहीत.

घरी सासू वाट पाहत असायची. प्रमिलाकाकी आरोलकर म्हणजे गावातल्या तीन पिढ्यांचे ब्लाउज शिवणारी बाई. कुणाचं अंग कधी सुटलं आणि कुणाचं कशाने वाळलं, हे डॉक्टरच्या आधी तिला कळायचं. केतकी सातारची, त्यामुळे सासूची मालवणी तिला कळायची पण बोलता यायची नाही. लग्नाला नऊ वर्षं झाली तरी दोघी आपापल्या भाषेत बोलायच्या आणि भांडायच्याही.

"ओ दिल्यान?" मशीनवरून मान वर न करता सासू विचारायची.

"दिली."

"किती सरकलो?"

केतकी आकडा सांगायची. मशीनच्या वरच्या भिंतीवर शिवणाची पिवळी टेप आडवी ठोकलेली होती. तिचं शून्य म्हणजे अपघाताच्या दिवशीची जागा. सासू उठायची आणि टेपवरची लाल डोक्याची टाचणी पुढे सरकवायची. दर वर्षदिनाला एक काळी टाचणी मागे कायमची राहायची. वर्षाला साधारण बोटभर अंतर. अशा पाच काळ्या टाचण्या झाल्या होत्या.

अपघातानंतर भटजी घरी आले होते. देह सापडला नाही तर पळसाच्या तीनशे साठ देठांचा पुतळा करतात आणि त्याला अग्नी देतात, म्हणजे गेलेल्याची वाट मोकळी होते, असं त्यांनी समजावून सांगितलं. सासूने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मेळाक नाय, तेचो पुतळो करतत. माजो झील मेळलेलो असा. खय असा ता माज्या सुनेक रोज कळता." भटजींनी चहा घेतला आणि निघून गेले.

*

फेब्रुवारीच्या शेवटी हिरेमठ सरांनी केतकीला खोलीत बोलावलं. आत सरफराज काझी बसला होता. हा कौस्तुभचा पाणबुडीवरचा जोडीदार. त्या दिवशी खरं तर त्याची पाळी होती, पण तापाने फणफणला होता म्हणून कौस्तुभ उतरला. गेली पाच वर्षं हा माणूस ताप आला तरी गोळी घेत नसे.

"नवी पाणबुडी तयार झाली आहे," सर म्हणाले. "दोन माणसं बसतात आणि चार टनांची शिळा उचलते. आठ मार्चला जहाज निघेल. अठराला सरफराज आणि त्याचा सोबती खाली उतरतील. कौस्तुभला आणतील."

"यानंतर जमणार नाही, वहिनी," सरफराज म्हणाला. "दरी उघडायला झालीय."

केतकीला ते ठाऊकच होतं. उघडणार कधी, हे सांगणारं गणित तिनेच चार वर्षं खपून बसवलं होतं.

त्या दरीचं असं आहे. एका बाजूला भारताचा भूपट्ट आणि दुसऱ्या बाजूला आफ्रिकेकडचा. दोन्ही एकमेकांपासून दूर चाललेत, नखं वाढतात त्या वेगाने, वर्षाला सुमारे तीन सेंटिमीटर. ते दूर झाले की खालचं प्रावरण वर येतं. प्रावरण म्हणजे पृथ्वीच्या कवचाखालचा तापलेला खडक. तो असतो घट्टच, पण हजारो वर्षांच्या हिशेबात कणकेसारखा सरकतो. गंमत अशी की वितळायला त्याला आणखी आच लागत नाही. वर येताना डोक्यावरचा भार कमी होतो आणि तेवढ्याने तो थोडाथोडा वितळतो. हा शिलारस दरीच्या तळाखाली साठत राहतो.

पण दरीचे काठ एकमेकांना धरून असतात. दूरचे पट्ट तीन सेंटिमीटर सरकले तरी दरीपाशी निम्मंच अंतर वाढतं. उरलेला ताण खडकात साठतो, शंभर वर्षं, दोनशे वर्षं. मग एका दिवशी शिलारस खालून पाचरीसारखा घुसतो, तळ लांबच्या लांब फाटतो आणि राहिलेलं अंतर काही तासांत भरून निघतं. भेगेतून वर आलेला लाव्हा पाण्यात थिजतो आणि समुद्राला नवी जमीन मिळते. शाळेत हे चित्रात फार सुबक दिसतं. चित्रात शिळेखाली कुणी अडकलेलं नसतं.

सोळा स्थानकांच्या आकड्यांवरून गणित सांगत होतं की शिलारस दरीच्या उत्तर टोकाखाली साठतोय आणि तळ मेच्या मध्यावर किंवा जूनमध्ये फाटेल. अठरा मार्चला काही भीती नव्हती.

"तुम्हाला काही म्हणायचं आहे?" सरांनी विचारलं.

"नाही," केतकी म्हणाली. आनंद व्हायला हवा होता, हे तिला कळत होतं. तिने थोडा वेळ वाट पाहिली. मग ती जागेवर जाऊन बसली.

*

सासूने मात्र बातमी ऐकली आणि त्याच दुपारी शर्टाचं कापड बेतायला घेतलं. पांढरं, सुती. माप विचारायची गरज नव्हती.

"छाती अडतीस, भायो चोवीस," ती स्वतःशीच म्हणाली. मग काहीतरी आठवून केतकीकडे बघितलं. "पाच वर्सां थंड पाण्याखाली असा. अंगात येतलो मां?"

"पाणबुडीच्या आत पाणी शिरलेलं नाही," केतकी म्हणाली. यापेक्षा जास्त तिला सांगवेना आणि सासूनेही विचारलं नाही.

जहाज निघायच्या आदल्या दिवशी सरफराज शर्ट न्यायला आला. सासूने घडी घालून, वर वर्तमानपत्र गुंडाळून ठेवला होता. त्याला चहा दिला, खटखटे लाडू दिले आणि भिंतीवरची टेप दाखवायला नेलं, जसं घरी आलेल्याला लोक नातवाचं प्रगतिपुस्तक दाखवतात.

"ह्या बघ. ह्या पयलां वर्स, ह्या दुसरां. सगळी बोटभर बोटभर. आणि आता बघ. ह्या शेवटल्या काळ्या टाचणीक दोनच म्हयने झाले. आणि लाल खय पोचली? दोन बोटां." ती हसली. पाच वर्षांत ती अशी हसली नव्हती. "तेका कळलां तू येतंस ता. घाय झाली हा तेका."

सरफराजही हसला. केतकीच्या हातात त्याची रिकामी बशी होती. ती तशीच धरून ती टेपजवळ गेली.

दोन महिन्यांत साडेतीन सेंटिमीटर. आकडे तिनेच सांगितले होते, रोज संध्याकाळी, चपला काढता काढता. सांगितले होते आणि एकही ऐकला नव्हता. दुसऱ्या कुठल्याही स्थानकाने असं केलं असतं तर तिने अर्ध्या तासात केंद्र डोक्यावर घेतलं असतं. पण हे स्थानक नव्हतं ना. तिनेच तसं सांगितलं होतं.

"वहिनी, काय झालं?"

"काही नाही. बशी ठेवून येते."

*

जहाज आठ तारखेला सकाळी सात वाजता निघालं. नऊ वाजता केतकीने हाक मारली आणि कौस्तुभने ओ दिली. आणखी दोन मिलिमीटर. मग तिने वही उघडली आणि पाच वर्षांचे आकडे गणितात भरायला घेतले. संगणकाने स्थानकाचं नाव विचारलं. ती रकाना बघत बसली. नाव दिल्याशिवाय गणित पुढे जाईना. शेवटी तिने लिहिलं, 'स्थानक १७'.

उत्तर यायला चाळीस मिनिटं लागली. शिलारस उत्तरेला नव्हता. सोळा स्थानकांना दुरून तसा भास होत होता. तो दक्षिणेला होता, पश्चिम कड्याच्या बरोबर खाली, आणि कड्याला बाहेर ढकलत होता. तळ फाटण्याचा काळ नऊ ते सोळा दिवस. सतरा ते चोवीस मार्च.

केतकीने संगणकाचा पडदा झाकला आणि डबा उघडला. भेंडीची भाजी होती. ती तिने सगळी खाल्ली. वही तिची होती आणि आकडे दुसऱ्या कुणी पाहिले नव्हते. सासूच्या टेपकडे बघून भूपट्टांचं गणित मांडणारा माणूस अजून जन्माला यायचा होता. ती गप्प बसली तर अठराला कौस्तुभ वर येण्याची चांगली शक्यता होती. तो घरी येईल, शर्ट घालेल, आणि कदाचित त्याला पाहिल्यावर आपल्याला काहीतरी वाटेल. हे सगळं तिने मनात मांडलं. मग डबा धुतला, पुसला आणि सरांच्या खोलीत गेली.

हिरेमठ सरांनी वही दोनदा वाचली. "पाच वर्षं हे तुमच्याकडे होतं?"

"हो."

"अठराला आठ तास तळ शांत राहण्याची शक्यता किती?"

"दहात आठ. फार तर."

सर बराच वेळ पेनाचं टोपण काढत-लावत बसले. "दहात आठला मी 'नको' म्हणेन असं नाही, केतकी. दरीत माणसं याहून वाईट शक्यतेवर उतरली आहेत. तुमचा नवरा आहे. तुम्ही सांगा."

तिला सरांचा राग यायला हवा होता. एवढं जड ओझं माणसाने दुसऱ्याच्या हातात देऊ नये. पण रागही आला नाही. "उतरवू नका," ती म्हणाली.

संध्याकाळी सरफराजचा जहाजावरून फोन आला. त्याचा आवाज चढलेला होता.

"मला दहात आठ पुरतात, वहिनी. दहात पाचसुद्धा पुरतात. ती पाळी माझी होती, तुम्हाला माहीत आहे. मला ती पुरी करू द्या."

"तुला पुरतात. मला पुरत नाहीत."

"काकीला काय सांगणार?"

"सरफराज, आमच्या भिंतीवर एकच टेप आहे. तुझ्या टाचणीला तिथे जागा नाही."

 त्याने फोन ठेवला.

सासूला तिने त्याच रात्री जेवायला बसताना सांगितलं. टेपवरच्या दोन बोटांचा अर्थ सांगितला, दहात आठ सांगितलं, आणि नको कोण म्हणालं तेही सांगितलं. सासूने ताटावरचा हात काढला.

"म्हणजे माज्या टाचणीन तेका अडवल्यान," ती म्हणाली.

"मी अडवलं."

सासू ताटावरून उठली. त्यानंतर ती केतकीशी बोलली नाही. 'ओ दिल्यान?' हेही विचारलं नाही. केतकी रोज घरी येऊन चपला काढता काढता आकडा सांगायची. लाल टाचणी आठ तारखेला जिथे होती तिथेच राहिली.

*

सतरा तारीख शांत गेली.

अठरा तारीखही शांत गेली. त्या दिवशी केतकीने दर तासाला हाक मारली. सकाळी आठला पाणबुडी उतरणार होती, दुपारी चारला वर येणार होती. आठ वाजता ओ आली, दहाला आली, बाराला आली. चारलाही आली. तळाखाली काही हललं नाही. जहाज सुरक्षित अंतरावर नुसतं उभं होतं, आणि नवी पाणबुडी त्याच्या पाठीवर कोरडीच राहिली होती. हिरेमठ सर दिवसभर केतकीच्या टेबलाजवळून गेले नाहीत.

वीस तारखेला सकाळी अकरा वाजता सोळाच्या सोळा स्थानकांनी एकदम बोंब ठोकली. दक्षिणेकडून भूकंपांची रांग लागली आणि दरीच्या तळाखालून उत्तरेकडे धावत सुटली, तासाला दोन किलोमीटर. गणिताने सांगितलं होतं तसंच, दिलेल्या मुदतीतच सगळं घडत होतं, फक्त अठरा तारखेनंतर दोन दिवसांनी. केंद्रातली तरुण पोरं पडद्यांसमोर गोळा झाली होती. समुद्रतळ फाटायच्या आधी तो फाटणार असं बरोबर सांगणारं हे पहिलंच गणित होतं. कुणीतरी टाळी वाजवली आणि केतकीकडे बघून हात खाली घेतले.

ती हाक मारत होती. दर मिनिटाला एक, आणि टेपच्या शून्यापासूनचं अंतर वाढत होतं. तीस सेंटिमीटर. सत्तर. कौस्तुभ कधी नव्हे इतक्या घाईत होता. एक मीटर चाळीस. दोन वाजून सहा मिनिटांनी त्याने ओ दिली ती दोन मीटर एकतीस सेंटिमीटरवरून. दोन वाजून सात मिनिटांनी दिली नाही. लाव्हा कड्यापर्यंत पोचला होता.

केतकीने आणखी दोन हाका मारल्या. तीन हाका त्याच्या हक्काच्या होत्या. मग तिने सतराव्या स्थानकापुढे 'उत्तर नाही' असं लिहिलं आणि घरी निघाली.

*

सासू मशीनवर होती. सरफराजने आठ तारखेच्या त्या फोननंतर, वाटेत भेटलेल्या मासेमारी होडीबरोबर शर्टाचं पुडकं परत पाठवलं होतं. ते तसंच, न उघडलेलं, तिच्या मांडीवर होतं. केतकीने चपला काढल्या.

"आज सकाळी तळ फाटला, आई."

बारा दिवसांनी सासू बोलली. "ओ दिल्यान?"

"दोन वाजून सहा मिनिटांपर्यंत दिली. त्यानंतर नाही."

सासू पुडक्याच्या सुतळीशी चाळा करत राहिली. "आणि अठराक? अठराक पोरगे उतरले असते तर?"

इथे खोटं बोलता आलं असतं. सगळ्या गावाने ते पोटात घातलं असतं. "घेऊन वर आले असते," केतकी म्हणाली. "दोन दिवस हातात होते. मला ते आधी कळायला मार्ग नव्हता. पण आणला असता."

मशीनचं चाक सासूने हाताने थोडं फिरवलं आणि थांबवलं. बाहेरून कोळणीची हाक येऊन गेली.

"काल सरफराजची आवस इल्ली," ती त्याच्या आईबद्दल म्हणाली. "काय बोलाक नाय. माज्या पायांक हात लावल्यान आणि गेली. माका तिचो राग इलो. तुजोय इलो. अजून असा."

"असू दे."

"किती सरकलो?"

"दोन मीटर एकतीस सेंटिमीटर."

सासू उठली. लाल टाचणी उपटली आणि टेपच्या बाजूने भिंतीवर हात फिरवत चालू लागली. टेप दीडशे सेंटिमीटरला संपली. तिथे ती टाचणी बोटांत धरून उभी राहिली. समोर स्वयंपाकघराच्या दारापर्यंत नुसती भिंत होती. गावातल्या कुणाचंच माप त्या टेपला कधी कमी पडलं नव्हतं.

मग परत येऊन तिने मशीनच्या खणातून दुसरी टेप काढली. पहिलीच्या शेवटाला तिचं टोक टाचलं आणि दुसरं टोक केतकीच्या हातात दिलं.

"दाराकडे धर. ताठ."

केतकीने टोक चौकटीवर दाबून धरलं. सासू डोळे बारीक करून आकडे मोजत पुढे आली, एक्याऐंशीवर थांबली आणि अंगठ्याने टाचणी भिंतीत रुतवली. लाल नाही, काळी.

"आता मेळाचो नाय," ती म्हणाली.

"नाही."

"मग उद्या भटजीक सांग. पळस आणूक व्हयो. आणि ह्यो शर्ट..." तिने पुडक्याकडे बघितलं. "देठांच्या आंगाक अडतीस होतली नाय. बाजूक दाबूक व्हयो."

 कौस्तुभच्या मापाचा शर्ट आत दाबायचा होता. पाच वर्षांत पहिल्यांदा केतकीला स्पष्ट दुखलं, छातीच्या मधोमध, आणि ते थांबेना. टेपचं टोक चौकटीवर थडथड वाजायला लागलं.

"हात हलव नको गो," सासू तिच्याकडे न बघता, पण हळू आवाजात म्हणाली. "माप चुकतला."

केतकीने हात स्थिर धरायचा प्रयत्न केला. तो राहिना.